बिडाचा ठोकळा

कुलसचिव चौगुल्यांनी तुटलेलं कुलूप वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं. त्यांनी ते कुलगुरूंच्या टेबलावर ठेवलं, कागद उलगडला आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले.

"हे दुसरं," ते म्हणाले.

डॉ. इरावती टेंबेने कुलूप उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. कडी कापलेली नव्हती, पहारीसारख्या कशाने तरी पिळून तोडलेली होती. तुटलेला भाग करडा आणि दाणेदार होता. धातू कसे तुटतात हे पाहण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. कुलगुरू झाल्याने ती सवय सुटण्याचं कारण नव्हतं.

"अगदीच हलकं बीड आहे. हे कुलूप निवडलं कोणी?"

"खरेदी समितीने, मॅडम."

"आणि तिसरं?"

"समितीची बैठक व्हायची आहे."

तिने कुलूप पुन्हा वर्तमानपत्रावर ठेवलं आणि कागद हलकेच चौगुल्यांच्या बाजूला सरकवला.

प्रश्न साधा होता, आणि साधा होता म्हणूनच तिला त्याचा वैताग येत होता. विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहाची बाल्कनी ज्या पोलादी तुळयांवर उभी होती, त्यांच्या वेल्डिंगच्या जोडांवर भेगा पडल्या होत्या. गेल्या युवा महोत्सवात वर बसलेली मुलं हलगीच्या तालावर पाय आपटू लागली, तेव्हा खाली पहिल्या रांगेत बसलेल्या इरावतीच्या पेल्यातलं पाणी थरथरलं होतं. बाकीच्यांनी त्याला रंगलेला कार्यक्रम म्हटलं. ती दुसऱ्या दिवशी शिडी मागवून वर चढली, खिशातल्या नाण्याने रंग खरवडला, आणि केसाइतकी बारीक रेघ तिला दिसली. मग तज्ज्ञ आले, त्यांची यंत्रं आली, अहवाल आला. रिकामी बाल्कनी स्वतःचं वजन पेलेल. नाचणाऱ्या मुलांचं पेलणार नाही. दुरुस्ती होईपर्यंत वर कोणालाही सोडू नये. निष्कर्ष इतका सरळ होता की त्यात मतभेदाला जागाच नव्हती, अशी तिची समजूत होती.

व्यवस्थापन परिषदेने ती जागा शोधून काढली.

परिषदेचे ज्येष्ठ सदस्य हंबीरराव मोरबाळे वारणाकाठच्या एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष होते. विद्यापीठातल्या कोणत्याही विषयावर त्यांच्याकडे आठवण असे, आणि आठवण असली की त्यांना पुरावा लागत नसे. अहवालाची प्रत न उघडता त्यांनी ती पंख्यासारखी दोनदा हलवली.

"म्याडम, त्याच बाल्कनीत आमी शिट्ट्या मारल्यात. कठड्यावर चढून नाचलोय. पडायची असती तर आमच्याच येळंला पडली असती की."

सगळे हसले. इरावतीने समोरच्या कागदांतून एक यू-पिन काढली, सरळ केली आणि सर्वांना दिसेल अशी वाकवू लागली. एकदा वाकवल्याने तार तुटत नाही, ती सांगत होती. पुन्हा पुन्हा वाकवल्याने तुटते. आधी तुटली नाही, हा ती पुढे तुटणार नाही याचा पुरावा नव्हे. उलट प्रत्येक वाकण्यागणिक ती तुटण्याच्या जवळ जाते. बोलता बोलता पिन तुटली. हंबीररावांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मॅडमचं शिकवणं ऐकलं की पुन्हा कॉलेजात जावंसं वाटतं, असं ते म्हणाले. त्यानंतर विषयाचा सखोल अभ्यास करण्यासाठी त्रिसदस्यीय समिती नेमण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. समितीची मुदत युवा महोत्सवानंतर संपत होती.

महोत्सव मैदानावर न्यावा, असं तिने सुचवलं होतं. प्राचार्यांनी अवकाळी पावसाची शंका काढली. महोत्सवच पुढे ढकलावा, तर आधीच्या कुलगुरूंनी एकदा तेही करून पाहिलं होतं; प्रवेशद्वारावर त्यांचा पुतळा जळला आणि आठवड्याच्या आत महोत्सव पूर्वीच्याच तारखेला परत आला. उरलं होतं ते स्वतःच्या अधिकारात बाल्कनीच्या दाराला कुलूप लावणं. ते तिने दोनदा केलं. मुलांना तालमीला तीच जागा हवी होती, कारण तिथे वारा येई आणि प्राध्यापक येत नसत.

बाल्कनीला जिने दोन होते. त्यांतला एक मागच्या दुरुस्तीपासून मोडक्या खुर्च्यांनी छतापर्यंत भरला होता आणि त्या निकालात काढण्याचा निर्णय प्रलंबित होता. विद्यापीठाच्या दिरंगाईबद्दल इरावतीला कृतज्ञता वाटावी, अशी ती एकमेव जागा होती. तेव्हा प्रश्न फक्त दुसऱ्या जिन्याचा होता.

जे मोजून दाखवता येतं ते माणसाला पटतं, यावर तिचा तोवर विश्वास होता. म्हणून तिने तुळई किती खाली येते आहे, हे रोज मोजायचं ठरवलं. परिषदेसमोर आकडे ठेवायचे, पिना नव्हेत. मोजायला न हलणारा, जड आधार हवा होता. तिचा जुना विद्यार्थी सम्राट याची शिरोलीला फाउंड्री होती. त्याने ओतकामात बिघडलेला बिडाचा एक ठोकळा पाठवला. तो खाली रुंद, वर निमुळता आणि माथ्यावर गोलसर होता, आणि गंजू नये म्हणून त्याला शिशाचा नारिंगी प्रायमर फासलेला होता. चार माणसांनी तो दोरखंडाने उतरवून जिन्याच्या तोंडाशी ठेवला, कारण भेगाळलेली तुळई नेमकी त्याच जागेवरून जात होती. जिना अरुंद होता. वर जायचं तर ठोकळा ओलांडूनच जावं लागे.

केसभर हालचालही काट्याने दाखवणारं डायल गेज तिथे ठेवून देणं म्हणजे कोणाला तरी भेट देणं होतं. ते ती रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी स्वतः घेऊन जाई. त्या वेळी बनाबाई सभागृहाचा व्हरांडा पुसत असे, आणि ओल्या फरशीवर चपला घालून आलेला माणूस, मग तो कोणीही असो, बनाबाईला खपत नसे. इरावती चपला भिंतीकडेला काढायची, ठोकळ्यासमोर वाकायची, तो हलला नाही ना हे बोटांच्या टोकांनी तपासायची, त्याच्या माथ्यावरून वरच्या तुळईला टेकेल असं लांब दांडीचं गेज लावायची, एक डोळा मिटायची, श्वास रोखायची, आणि आकडा विसरू नये म्हणून ऑफिसात पोचेपर्यंत तो ओठांतल्या ओठांत म्हणत राहायची.

पुढच्या आठवड्यात ठोकळ्यावर एक जास्वंदीचं फूल होतं. तिने ते बाजूला ठेवलं आणि मोजमाप घेतलं. त्यानंतर उदबत्ती आली. उदबत्तीची राख माथ्यावर पडली होती, त्यामुळे त्या दिवसाचं रीडिंग वाया गेलं. नारळाचं पाणी वाहून तळाशी चिकट झालं, तेव्हा मात्र तिने बनाबाईला हाक मारली.

"हे कोण करतंय?"

"कोन म्हंजे? सगळीच करत्यात की."

"बनाबाई, हा लोखंडाचा ठोकळा आहे. मोजमापासाठी आणून ठेवलाय. देव नाही."

"तुमी म्हंताय तर नसंल," बनाबाई म्हणाली. उपास असूनही जेवायला बसणाऱ्या माणसाची लाज राखावी, तसा तिचा आवाज होता. "पर मग रोज चपला काडून वाकतंय कोन?"

"फरशी ओली असते म्हणून काढते."

"आज कुटं वली हाय? आज मी अजून बादलीबी भरली न्हाय."

इरावतीने खाली पाहिलं. फरशी कोरडी होती. तिच्या चपला भिंतीकडेला, टाचा जुळवून, रोजच्या जागी ठेवलेल्या होत्या.

"आमास्नी वाटलं, तुमच्या कुळाचा आसंल," बनाबाई समजुतीने म्हणाली. "आनि शेंदूरच हाय न्हवं त्यो?"

इरावतीने ठोकळ्यावरून बोट फिरवलं. शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड. हा प्रायमरही शिशाचाच ऑक्साइड, तोच. कंपनीने डब्यावर काहीही छापलं तरी रसायनशास्त्राप्रमाणे उत्तर 'होय' असं होतं, आणि खोटं बोलायची तिला सवय नव्हती. वाळलेला रंग बोटाला लागत नव्हता, एवढाच दिलासा.

त्या दिवशी तिने ठरवलं, की ठोकळा उचलायचा, रंग खरवडायचा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 'मोजमापाचे साधन' असं लिहून तो परत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच विचाराने जिन्यापाशी गेली. गेज लावताना तिची नजर सहज वर गेली आणि तिथेच थांबली. वरचं दार सताड उघडं होतं, कारण तिसरं कुलूप अजून खरेदी समितीच्या अजेंड्यावर होतं. पायऱ्यांवर धुळीचा सलग, मऊ थर होता. त्या धुळीवर एकही पाऊल नव्हतं.

तालमी व्हरांड्यात उतरल्या होत्या. गुटख्याच्या पिचकाऱ्या थांबल्या होत्या. अहवाल, आदेश आणि दोन कुलुपं यांना जे जमलं नव्हतं, ते बिघडलेल्या ओतकामाच्या तुकड्याने पार पाडलं होतं. निरीक्षण स्पष्ट होतं आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. तिने रीडिंग घेतलं. ठोकळा तिथेच राहिला.

डॉ. अर्णव सरनोबत ऑफिसात आला तेव्हा त्याच्या हातात एकच कागद होता. भौतिकशास्त्राच्या या तरुण प्राध्यापकाची मुलाखत इरावतीनेच घेतली होती. त्या दिवशी 'मला माहीत नाही' हे उत्तर देणारा तो एकटाच उमेदवार निघाला होता. त्याने कागद तिच्यासमोर ठेवला. ते तिचं स्वतःचं परिपत्रक होतं, रुजू झाल्याच्या पहिल्या महिन्यातलं. विद्यापीठाच्या आवारात कोणतंही नवं प्रार्थनास्थळ उभारलं जाणार नाही, उभारलं गेल्यास तत्काळ हटवलं जाईल. त्या परिपत्रकाने तिने पुष्कळ शत्रू आणि अर्णवसारखे थोडे मित्र मिळवले होते.

"मी काही नवीन मागत नाही, मॅडम. याची अंमलबजावणी मागतोय."

तिने त्याला बसायला सांगितलं. चहा मागवला. मग पायऱ्यांवरच्या धुळीबद्दल सांगितलं. तो लक्षपूर्वक ऐकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळत होतं की धुळीचा अर्थ त्याला तिच्याइतकाच पटला आहे.

"म्हणजे अपघात टळतोय, म्हणून चालू द्यायचं," तो म्हणाला.

"महोत्सव होईपर्यंत."

"आणि त्यानंतर? तुम्ही तो उचलायला गेलात तर मोर्चा तुमच्या दारात येईल."

"येईल."

"आत्ता एक वाक्य बोललात तरी भागेल. सगळ्यांसमोर. हे मोजायचं साधन आहे, मी ते बसवलंय, एवढंच."

"बोलले मी. बनाबाईशी. तिने माझ्या चपलांकडे बघितलं."

अर्णवला हसू आलं नाही. चहाचा कप त्याने न पिताच बशीत फिरवला.

"आपण वर्गात जे शिकवतो, मॅडम, ते मग कशासाठी शिकवतो?"

या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर होतं. बाल्कनीत दोनशे मुलं बसतात, असं ते उत्तर होतं. पण ते त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे तिला कळत होतं, आणि एका प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्यांना तिने आयुष्यभर शून्य दिलं होतं.

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली, आणि घंटी वाजवली.

चौगुले आत आले. इरावतीने परिपत्रक त्यांच्याकडे दिलं. जिन्याजवळच्या वस्तूचं स्वरूप नेमकं काय आहे, ती परिपत्रकाच्या कक्षेत येते किंवा कसे, आणि येत असल्यास ती कोणत्या पद्धतीने हलवावी, याचा सर्वांगीण विचार करण्यासाठी एक समिती नेमायची असल्याचं तिने सांगितलं. सदस्य म्हणून डॉ. सरनोबत. त्यांच्यासोबत संस्कृत विभागाचे प्रमुख.

"अध्यक्ष?" चौगुल्यांनी विचारलं.

"हंबीरराव."

अर्णवने मान वर केली.

"हंबीरराव समितीची बैठकच बोलवत नाहीत."

इरावती टेबलावरचे कागद एकावर एक सरळ लावत होती. ते आधीच सरळ होते.

"आणि अहवाल येईपर्यंत, मॅडम?" चौगुल्यांनी विचारलं.

"परिस्थिती जैसे थे."

कुलगुरूपद स्वीकारल्यापासून चौगुल्यांच्या डोळ्यांत तिला पहिल्यांदाच आदर दिसला. तो पाहून तिला बरं वाटलं नाही. अर्णव उठला, नमस्कार करून गेला. परिपत्रक त्याने चौगुल्यांच्या हातातून परत घेतलं होतं.

महोत्सवाच्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर फेटे बांधलेल्या मान्यवरांत हंबीरराव मधोमध बसले होते आणि आपण इथेच कसे शिट्ट्या मारल्या हे माइकवरून सांगत होते. इरावतीने उद्घाटनाचं भाषण थोडक्यात आटोपलं, फेटा उतरवून ठेवला आणि व्यासपीठ सोडून ती मागच्या दारालगतच्या खुर्चीवर येऊन बसली. तिथून जिना दिसत होता. वर बाल्कनी काळोखात रिकामी होती. बाल्कनीखालच्या खुर्च्या तिने पॉलिशच्या नावाखाली आठवड्यापूर्वीच काढून घेतल्या होत्या. आता कारणं सुचायला तिला वेळ लागत नसे.

दुपारी लोकनृत्य सुरू झालं. हलगी कडाडली, आणि तिच्या पायांखालच्या फरशीला ताल चढला. तेवढ्यात चंदगडकडच्या कुठल्याशा कॉलेजची मुलं व्हरांड्यात घुसली. गाडी उशिरा पोचली होती, पुढचा नाच त्यांच्या संघाचा होता आणि खाली तसूभर जागा नव्हती. जिन्यावर नेमलेला रखवालदार नाच बघायला आत गेला होता. उघडं दार आणि मोकळा जिना पाहून मुलांचा तो सगळा लोंढा तिकडे वळला. ठोकळ्याजवळची फुलं त्यांनी पाहिली असतील किंवा नसतील, घाईत होती. सर्वांत पुढच्या मुलाने एक पाय ठोकळ्यावरून पलीकडे टाकायला उचललासुद्धा.

इरावती उठली होती. तिने "थांबा" म्हटलं, ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही. पुन्हा म्हटलं. हलगी चालूच होती. मागून येणारे पुढच्यांना ढकलत होते. तिने व्हरांडा ओलांडला, मुलांच्या मधून वाट काढली, ठोकळ्याशी पोचली. तिने चपला भिंतीकडेला काढल्या. ती वाकली. आणि मग, या वेळी हातांना दुसरं काही काम नसल्यामुळे, तिने ते जोडले.

पुढच्या मुलाचा पाय हवेतून मागे आला.

"पावणं, पायतानं काडा की," मागून विद्यापीठातलाच एक मुलगा त्यांच्यावर खेकसला. "कुलगुरू वाकल्यात, दिसंना व्हय?"

लोंढा थांबला. कोणी बूट काढले, कोणी सँडल. ज्याने पाय उचलला होता त्याने कानाची पाळी धरली, मग वाकून ठोकळ्याला आणि तिथल्यातिथे तिच्या पायांनाही हात लावला. त्याच्या कपाळावर नाचासाठी लावलेलं गंध घामाने ओघळलं होतं.

"म्याडम, चुकी झाली. म्हायती नव्हतं." मग त्याने आवाज खाली आणला. "कडक हाय काय ओ?"

इरावतीने त्याच्याकडे पाहिलं. रसायनशास्त्राचा आधार घेता येईल असा हा प्रश्न नव्हता.

"हो," ती म्हणाली.

मुलं मागे फिरली. व्हरांड्याच्या कठड्यावर, खिडक्यांच्या गजांना धरून, एकमेकांच्या खांद्यांवर चढून त्यांनी जागा केल्या, आणि आपल्या संघाचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तिथूनच शिट्ट्या मारल्या. शेकडो पाय एकदम जमिनीवर आपटू लागले. जमिनीवर.

ती सरळ झाली. खांबाशी अर्णव उभा होता. किती वेळ, ते तिला सांगता आलं नसतं. त्याने एकदा वरच्या रिकाम्या, काळोख्या बाल्कनीकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. गेज ऑफिसच्या खणात होतं.

"आज रीडिंग किती आलं, मॅडम?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात उपरोध असता तर तिला सोपं गेलं असतं.

ती चपला घालायला भिंतीकडे वळली. तिथे आता चंदगडच्या मुलांचे बूट, सँडल, कोल्हापुरी पायताणं यांचा ढीग पडला होता, आणि तिला आपला जोड त्यात लवकर सापडेना.